सबनीस सरांच्या कुंड्या

संध्याकाळचे सहा वाजले की सबनीस सर झाडांना घराबाहेर काढायचे. एकेक करून बावीस कुंड्या जिन्यात.

"दिवसपाळी संपली यांची," ते सांगायचे. "ऊन आहे तोवर ऑक्सिजन देतात. ऊन गेलं की आपल्यासारखीच नुसती श्वास घेत बसतात!"

नवीन पनवेल तेव्हा निम्मं बांधून व्हायचं होतं. सर आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे. जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. कशाचंही उत्तर एकच, "पेशीला विचारा!" मी ऑफिसातून दमून आलो, की "पेशीला विचारा, इंधन संपलंय." आमच्या हिने उपमा दिला, की "वा वहिनी! चार तासांचं सरपण झालं!"

एकदा सेक्रेटरी म्हात्रे जिन्यात निवडुंगावर बसले. म्हणजे पडले, पण बसल्यासारखे. लगेच मीटिंग लागली.

"सर, ह्यो जिना हाय का नर्सरी?" म्हात्र्यांनी उभ्यानेच विचारलं.

सरांनी पिशवीतून चुन्याची निवळी आणि स्ट्रॉ काढली. "फुंका."

म्हात्र्यांनी फुंकलं. निवळी दुधासारखी झाली.

"कार्बन डायऑक्साइड!" सर आनंदाने ओरडले. "तुमची सकाळची भाकरी जळतेय. पेशीपेशीत मंद शेगडी पेटलीय!"

म्हात्र्यांनी घाबरून पोट धरलं. "मना वाटलं ॲसिडिटी हाय!"

"झाडंही हेच सोडतात. मग रात्रभर घरात कशी ठेवू?"

"आनि जिन्यात आमी श्वास घेत नाय का?"

रविवारपर्यंत जिना मोकळा करायचं ठरलं.

रविवारी मी मदतीला गेलो. आदल्या दिवशी माझ्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक वाचलं होतं, त्यामुळे अंगात विद्वत्ता संचारली होती. "सर, रात्री या सगळ्या कुंड्या मिळून सोडतात त्यापेक्षा जास्त एकटा माणूस सोडतो. झाडं आत ठेवली तरी काही होत नाही."

"तीस वर्षं मीच शिकवलंय ते."

"मग?"

सरांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. काकू उशांना टेकून बसल्या होत्या. दम्याने वर्षभर त्यांना आडवं झोपता येत नव्हतं.

"हिला धाप लागते तेव्हा डॉक्टर इंजेक्शन देतात, मुलगी पाठ चोळते," सर हळूच म्हणाले. "मला श्वसनाबद्दल सगळं माहितीये, पण करता काहीच येत नाही. निदान कुंड्या तरी उचलता येतात."

मी म्हात्र्यांकडे जाऊन गच्चीची किल्ली मागून आणली आणि सरांच्या हातातली तुळस माझ्याकडे घेतली.