माने सरांना हवी असलेली शंका

स्वतःच्याच हातानं स्वतःचा सत्कार करणारा माणूस पाहिलाय कधी? नसेल, तर शनिवारी जतला या आणि आमच्या माने सरांना बघा.

सर आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण गणित-भौतिकशास्त्राची व्याख्यानमाला काही सोडली नाही. सांगलीहून वक्ता बोलवावा, तर इतक्या लांब उन्हातान्हाचं येतंय कोण? मग वक्ते सरच, आणि प्रास्ताविकही तेच करतात. "आजचे वक्ते वेळेवर हजर हायत, आनंद हाय," असं म्हणून टेबलाला वळसा घालतात, शाल पांघरतात, नारळ घेऊन वाकून नमस्कार करतात. शाल तीच, नारळही तोच! आभार तेवढे माझ्याकडं. मी मराठीचा प्राध्यापक, म्हणजे रिकामा, असं सरांचं ठाम मत.

एकदा म्हटलं, "सर, नारळ तरी बदला."

"का? सत्कार हलका झाला व्हय त्यानं?"

बोलायला लागले की मात्र लय गोड. अनंत म्हणजे काय, हे सांगताना म्हणायचे, "मेंढरं मोजून संपली की समजायचं, ह्यो काय अनंत न्हवं!" शेवटी खडू ठेवून म्हणायचे, "शंका इचारा, गड्यांनो. शंका निघाली न्हाई तर व्याख्यान झालंच न्हाई. फुडच्या शनवारी परत तेच."

पण ती वेळ कधी यायची नाही. शेवटच्या बाकावर काकी असायच्या, सरांच्या मंडळी. विषय कुठलाही असो, त्यांचा प्रश्न ठरलेला. "आवं, पर ह्याचा उपेग काय?" पोरं खो-खो हसायची. सर कपाळाला हात लावायचे आणि मग असे रंगायचे, की मूळ व्याख्यान फिकं पडावं.

गेल्या साली काकी गेल्या. तेव्हापासून शंकाच निघत नाही, म्हणून दर शनिवारी अनंतच चाललंय. सर शेवटच्या बाकाकडं बघत थांबतात, तोवर पोरं मागच्या दारानं पसार. गेल्या शनिवारी तर खोलीत आम्ही दोघंच उरलो. मला राहवेना. कुणीतरी ह्या माणसाला अनंतातून सोडवायला नको का? उठलो आणि विचारलं, "सर, पण ह्याचा उपयोग काय?"

सरांनी खडू उचलला. फळ्याकडं वळले, पण काही लिहिलं नाही. खडू परत ठेवून दिला.

"त्यो तिचा हाय," सर हळू म्हणाले. "तुमी दुसरा इचारा."