नऊ नंबरचं टक्कल

पालघरकडच्या कॉलेजाची टीम आपण एक्सरे काढल्यासारखी आतून बघितली आहे, असं चंद्रभान सालवडच्या चाळीत नळापाशी सांगत सुटला होता. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे ऐकायला माणसं भरपूर होती.

एरवी चंद्रभान फुशारक्या मारणारा नव्हे. जालन्याकडून येऊन तारापूरच्या रंग बनवणाऱ्या एका कंपनीत बॉयलरवर लागल्याला त्याला चौदा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पण ही गोष्ट घरातली होती. मुलगा मारुती बोईसरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, फुटबॉलच्या टीमचा गोलकीपर. गेल्या साली, म्हणजे पंच्याऐंशीत, ह्याच पालघरवाल्यांनी त्याच्यावर सात गोल चढवले. तेव्हापासून पोरं त्याला 'चाळण' म्हणत. मारुती उलट बोलत नसे. एकदा फक्त जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "आबा, यंदा हरलो तर कॉलेज सोडतो. कंपनीत नाव टाका माझं."

चंद्रभानचा घास हातातच राहिला. कंपनीत ज्या महिन्यात जो रंग निघे, त्या महिन्यात त्याचे तळहात त्या रंगाचे असत. तेव्हा पिवळे होते. मैनाबाईने त्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "घरात एवढी एक हळद बास झाली."

तर मारुतीला कॉलेजात ठेवायचं, म्हणजे पालघरवाल्यांना हरवायचं, म्हणजे त्यांचा अभ्यास करायचा. तो चंद्रभानने कंपनीच्या पद्धतीने करायचा ठरवला.

कंपनीची पद्धत अशी. बॉयलरवर तीन पाळ्या. त्या महिन्यात चंद्रभान पहिल्या पाळीला, वाणगावचा देवू दुसऱ्या, आणि उत्तरेकडचा रामकिसन रात्रपाळीला. सगळा कारभार एका वहीत. ज्याने त्याने वाफेच्या दाबाचा काटा बघायचा, आकडा लिहायचा, दुसऱ्याच्या लिहिण्याला हात लावायचा नाही. तिघांत दोघांचं जुळलं, की तिसऱ्याच्या वेळी काटा बिघडला होता असं धरायचं. चौदा वर्षांत बॉयलर फुटला नव्हता, म्हणजे पद्धत बरोबर होती.

नवी वही आली. रामकिसन रात्रपाळी संपवून सकाळी पालघरच्या मैदानावर जायचा, देवू दुपारी पाळीवर येण्याआधी, चंद्रभान सुटल्यावर संध्याकाळी. मैदान तेच, निळे सदरे तेच, पाठीवरचे आकडे तेच. खरी भीती नऊ नंबरची. गेल्या साली गोल मारणारा पास होऊन गेला होता. त्याच्या जागी आलेला कसा आहे, एवढंच कळायला हवं होतं.

रविवारी तिघं चंद्रभानच्या ओट्यावर वही उघडून बसले.

रामकिसनने हिंदीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा, 'नऊ नंबर लहान चणीचा, सुकडा. चेंडू आला की डोळे मिटतो. हळू मारतो, डाव्या खांबाकडे.'

देवूने लिहिलं होतं, 'नऊ नंबरला पोट हाय. टक्कल हाय. दहा मिनटात खाली बसतो. डाव्या खांबाकडंच मारतो.'

चंद्रभानने लिहिलं होतं, 'नऊ नंबर उंच. केस खांद्यापर्यंत. उजव्या कोपऱ्यात तोफेसारखा मारतो.'

"देवू, टक्कल कुठून आणलंस?"

"माझ्या डोल्यांनी बघितलंय. उनात चमकतंय."

"मला केस दिसले."

"मंग सांजचा केसांचा टोप घालत असंल. कॉलेजची पोरं, नटवी."

"और पेट?" रामकिसन झोपेने लाल झालेले डोळे चोळत म्हणाला. "मैं तो सुकडा देखा."

"तू सोमवारी बघितलास, मी गुरुवारी. होस्टेलचं जेवण हाय तं."

मैनाबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "एकच माणूस आहे ना तो?"

"आकडा एकच आहे," चंद्रभान म्हणाला, "म्हणजे माणूस एकच. आम्ही रोज आकडेच बघतो, मैना."

तिघांनी वहीतल्या तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग देवू हळूच म्हणाला, "मला वाटतं त्या पोराला कायतरी आजार हाय."

"त्याच्या आईला कळवलं असेल का कोणी?" मैनाबाई म्हणाली, आणि तिचा चहा तसाच राहिला.

शेवटी पद्धतीप्रमाणे निकाल लागला. डाव्या खांबाबद्दल दोघांचं जुळत होतं. चंद्रभानने स्वतःच्या ओळीभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'काटा नादुरुस्त.'

मारुतीने वही वाचली. "आबा, नक्की?"

"तीन पाळ्यांनी बघितलंय."

मग पुढचे पंधरा दिवस मारुती मैनाबाईच्या तीन गोधड्या अंथरून डावीकडे उड्या मारत होता. गोधड्यांची शिवण उसवली. मैनाबाई रोज रात्री ती पुन्हा घालत होती.

सामन्याच्या दिवशी आभाळ धुरकट होतं आणि वाऱ्यावर कंपन्यांचा वास होता. तिघं पाळ्या बदलून घेऊन बोईसरच्या मैदानाच्या कडेला बसले. पालघरची टीम उतरली. नऊ नंबर उंच होता, केस खांद्यापर्यंत.

"टोप घालून आलाय," देवू म्हणाला.

मारुती डाव्या खांबाकडे झेपावला. चेंडू उजवीकडून आत गेला.

"दमंल आता. दहा मिनटं थांबा."

दहा मिनिटांनी दुसरा गेला, उजवीकडूनच. तिसरा नऊ नंबरने डोक्याने मारला, आणि तरी टोप जागचा हलला नाही. तेव्हा मात्र चंद्रभानने वही काढून गोल केलेली स्वतःची ओळ पुन्हा वाचली.

मध्यंतरात त्याने शेजारी बसलेल्या पालघरच्या कॉलेजातल्या शिपायाला विचारलं, "तुमचा तो टकला नऊ नंबर नाही आला का?"

"कोण, आमचे हेडक्लार्क? ते कशाला येतील?"

"आणि तो सुकडा?"

"ती अकरावीची पोरं. आमच्याकडे सदऱ्यांचा एकच जोड आहे, मामा. सकाळी अकरावीला, दुपारी ऑफिसच्या लोकांना, संध्याकाळी टीमला. धुवायला रविवारी."

देवूने मान खाली घातली. रामकिसन म्हणाला, "बीमार तो कोई नहीं है ना?" तेवढंच त्यातल्या त्यात बरं.

सामना आठ-शून्यने गेला. शेवटचे तीन डावीकडून गेले, कारण तोवर मारुतीने वहीवरचा विश्वास सोडून उजवीकडे झेपावायला सुरुवात केली होती.

घरी जाताना बाप-लेक रस्त्याच्या कडेने चालले होते. चंद्रभान कंपनीत नाव टाकायची गोष्ट निघायची वाट बघत होता, फाशीची वाट बघावी तशी. पण मारुतीने वेगळंच विचारलं.

"आबा, तो बॉयलर पण तुम्ही तिघं असाच बघता?"

"असाच म्हणजे... वही असते."

"दोघांचं जुळलं की तिसरा काटा बिघडला?"

"तसंच."

मारुतीने लांबवर दिसणाऱ्या कंपनीच्या धुराड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मला चाळण म्हणू देत. मी कॉलेज सोडत नाही. त्या कंपनीत मी पाय ठेवणार नाही. तुम्हीही जरा लांब उभे राहत जा."

दारात मैनाबाई उभी होती. मारुती हातपाय धुवायला मागे गेला.

"किती?"

"आठ."

"आणि पोरगं?"

"कॉलेजात राहतोय."

तिने पदराने डोळे टिपले. "तुम्ही समजावलंत?"

चंद्रभानने चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या.

"मी, देवू आणि रामकिसन," तो म्हणाला. "तिघांनी मिळून."