दुसरा टोला

डोक्याला डोकं आपटल्यावर ते दुसऱ्यांदा आपटायचं राहून गेलं, त्यामुळे श्रीपती खोराटे यांचं हृदय त्या शुक्रवारपासून आक्काताई नलवडे यांच्या कामाला लागलं आणि आक्काताईंचं खोराट्यांच्या.

एकदा आपटलं की लगेच हळूच पुन्हा आपटायचं, नाहीतर शिंगं उगवतात, हे गडहिंग्लजात शेंबड्या पोरालाही माहीत. पण हे दोघं आदळले ते एका उत्तरकार्याच्या घरी, दारातल्या ढिगातून आपापल्या चपला शोधायला वाकताना. टोला असा बसला की आत रडणारी बाई क्षणभर थांबली. आक्काताईंनी सवयीने डोकं पुन्हा पुढे केलंही होतं. खोराटे म्हणाले, "नको, लोक बघतायत." मग दोघंही 'येतो' न म्हणता निघाले, कारण दुःखाच्या घरून निघताना तसं म्हणत नाहीत. शिंगं काही उगवली नाहीत.

सोमवारी कचेरीत नुसतं खुर्चीवर बसल्या बसल्या खोराट्यांची नाडी एकशे तिसावर गेली. जेवून जिना चढताना मात्र ती साठाच्या वर सरकेना. दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पायऱ्यांवरच आडवे झाले.

"मेंदूला मार बसलाय," डॉक्टर बागवानबाई म्हणाल्या. "अशा माराने मेंदूचं आणि हृदयाचं बोलणं बिघडतं. बसल्याजागी धडधड, उठलं की घेरी, हे पुष्कळांचं होतं. तुमचे हुकूम दुसऱ्याच घरी जातायत, एवढाच फरक. आक्काताई सकाळीच येऊन गेल्या."

"मग पुन्हा एकदा आपटून घेतो की."

"खबरदार! मेंदू बरा व्हायच्या आत दुसरा टोला बसला तर जिवावर बेतेल. दोन महिने थांबा. तोवर दोघांनीही विश्रांती घ्यायची."

विश्रांतीचंच अवघड होतं. आक्काताईंचे यजमान तात्या अर्धांगवायूने पडून होते. सकाळी सात, दुपारी एक आणि चार, अशा तीन वेळा सत्तरीच्या आक्काताई त्यांना एकटीने कॉटवरून उचलून खुर्चीत बसवत. काम नऊ मिनिटांचं. तेव्हा धावायचं ते खोराट्यांचं हृदय. आक्काताईंचं मात्र खोराट्यांबरोबर फायली चाळत बसायचं. दोनदा त्या तात्यांना धरूनच कोसळल्या होत्या.

खोराटे त्यांच्या घरी गेले.

"तुमाला दोस न्हाई देत, दादा," आक्काताई म्हणाल्या. "पन ह्यांच्यासंगं मी बी पडले तर उचलायचं कुनी? त्या टायमाला तुमी जरा पळा की. तुमी पळालासा की माझं काळीज पळंल."

कॉटवरून तात्या जड जिभेने म्हणाले, "बायको माझी... आन् धाप ह्याला."

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क बेनाडीकरांनी खोराट्यांचा अर्ज दोनदा वाचला.

"दुपारी एक व चार वाजता नऊ मिनिटे जिना चढउतार. कारण कुणाचं?"

"आक्काताईंचं, साहेब."

"आणि हृदय?"

"ते माझ्याकडेच आहे. पळायचा हुकूम त्यांच्याकडून येतो."

"मग तुमचा वरिष्ठ कोण? त्या की मी?"

"एक आणि चार वाजता त्या."

बेनाडीकरांनी बराच विचार केला आणि 'पायांचा आवाज न करता चढावे' असा शेरा मारून अर्ज मंजूर केला.

सात आठवडे हे सुरळीत चाललं. सकाळी सातला खोराटे गल्लीत धावत, दुपारी जिना चढत. तिकडे आक्काताई उचलत. कुणालाही घेरी आली नाही. चढताना खोराट्यांना छातीत एका माणसाचं वजन कळायचं. ते रोज थोडं थोडं हलकं होत चाललं होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

एका बुधवारी चारला ते चढू लागले तर पाय दुखले, धाप लागली, पण छाती गप्प. घरात कुणी नसावं तशी गप्प. तिकडे आक्काताईंचं काळीज बसल्याजागी उगाच पळत असेल, हे लक्षात येताच खोराटे थांबले आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरले.

तात्यांच्या उत्तरकार्याला दारात चपलांचा ढीग होता. आक्काताई पोचवायला आल्या. पाय बरोबर पडत नव्हते. खोराटे चपला शोधायला वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"दोन म्हैनं झालं न्हवं?" आक्काताई हळूच म्हणाल्या.

"कालच झाले."

दोघांनी मागे पाहिलं. ओटीवर माणसं बसली होती.

"नको," आक्काताई म्हणाल्या. "लोक बघत्यात. वरीस सरू द्या."

खोराट्यांनी चपला पायात घातल्या आणि ते 'येतो' न म्हणता निघाले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फाइल चाळताना त्यांची छाती धडधडू लागली. धडधड ओळखीची होती, एक माणूस कॉटवरून उचलण्याची. वजन मात्र पहिल्या आठवड्यातलं होतं, भरलेलं. खोराटे उठले.

"कुठे निघालात?" बेनाडीकर म्हणाले. "म्हातारे वारले ना? तुमची परवानगी संपली."

"चार वाजले, साहेब."

"अहो, पण आता ती बाई उचलते काय?"

"ते ठाऊक नाही," खोराटे म्हणाले. "पण जड आहे."

आणि पायांचा आवाज न करता ते जिना चढू लागले.