भानुदासचा चौकोन

आमच्या मोरीतून पाणी बाहेर पडलं, की ते जातं कुठं, हे बघायला त्या पाण्याच्या मागोमाग चालत गेलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा मेहुणा, भानुदास. आमच्याकडे राहायला आला त्याच दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर हा मोरीच्या भोकाशी उकिडवा बसलेला.

"दाजी, पर हे जातंय कुठं?"

"गटारात."

"अन् गटार?"

पुढचं मला माहीत नव्हतं. चाळिशी ओलांडून गेली तरी आपलं पाणी कुठं जातं हे आपण कधी विचारलं नाही, याची लाज वाटण्याइतकाही मी तेव्हा शिकलेला नव्हतो. भानुदास उठला आणि गटारीच्या कडेकडेनं चालायला लागला. दिवस मावळताना परत आला तेव्हा धोतराला कुसळं होती आणि चेहऱ्यावर आनंद.

"नाल्याला जातंय, दाजी. पर तुमच्या साबणाचा फेस जिथवर जातोय, तिथवर एक बेडूक न्हाई."

माझ्या साबणाबद्दल बायकोनंसुद्धा इतकं कडक बोलून दाखवलेलं नव्हतं.

भानुदास मूळचा पुणतांब्याचा. गोदावरीकाठी वडलांचा ऊस. नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, म्हणून भिंगारला आमच्या खोल्यांत राहायचा. पर्यावरण हा शब्द तेव्हा भिंगारात पोचला नव्हता. पण कशावर काय जगतं, कशानं काय मरतं, हे शिकवणारा एक पेपर त्याला होता आणि बाकीचे पेपर त्या एका पेपरासाठी तो सोसत होता. वडील विचारायचे, "डागदर हुनार का?" न्हाई. "मास्तर?" न्हाई. "मग शिकतोस तरी काय?" तर हा म्हणायचा, "कोण कुनाच्या जिवावर हाय, ते." वडलांना वाटायचं, हा टोमणा आपल्यालाच आहे.

घरात त्याचा जाच होता, पण गोड. देवघरातलं कोळ्याचं जाळं काढायला त्याची बंदी. "अक्का, त्यो तुझ्या घरचे डास खातोय, फुकट." ही म्हणायची, "मग त्यालाबी चहा टाकू का?" चहाचा चोथा, केळीची सालं, मशेरीची राख, सगळं परसात एका खड्ड्यात. महिन्याभरानं तिथली माती हातात घेऊन तो असा हुंगायचा, की पाहुणे आले असले तर मी दार लोटून घ्यायचो. दुष्काळाच्या त्या दिवसांत सार्वजनिक नळाला सकाळी थोडाच वेळ पाणी यायचं. पण आमच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी वांग्याच्या रोपाला, असा क्रम त्यानं लावून दिला होता. आख्ख्या आळीत वांगी फक्त आम्ही खाल्ली. मी लष्कराच्या भांडारात कारकून. सामानाची आवक-जावक लिहिण्यात माझा जन्म गेला, पण घरातल्या एका घागरीची जावक मला या पोरानं दाखवली.

आता त्या चौकोनाबद्दल. आदल्या वर्षी तो प्रात्यक्षिकात नापास झाला होता. परीक्षकांनी कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी दाखवून नाव विचारलं. हा म्हणाला, "आधी ही कुठं वाढली ते सांगा." नाव शेवटपर्यंत सांगितलंच नाही. वडलांनी बजावलं, यंदा पास झालास आणि चांगल्या वर्गात, तर पुण्याला पुढं शिक. नाहीतर उसाला पाणी धर.

त्या प्रात्यक्षिकाचा मोठा भाग म्हणजे हा चौकोन. आमच्या खोल्यांमागच्या माळावर चार खुंट्या ठोकायच्या, भोवती सुतळी ताणायची आणि आत काय उगवतं, काय मरतं ते वर्षभर मोजायचं. अट एकच, माणसानं त्यात काही ढवळाढवळ करायची नाही. कुणी अडखळू नये म्हणून भानुदासनं खुंट्यांना लाल रंग दिला. रंग मीच आणून दिला होता. रोज सकाळी तो पायताण बाहेर काढायचा, सुतळीशी मांडी घालायचा आणि खाली मान घालून, बोटांवर मोजत, पुटपुटत बसायचा.

लाल खुंट्या, अनवाणी माणूस आणि पुटपुटणं. पुढं काय झालं ते सांगायला बी.एस्सी. लागत नाही. पहिल्या आठवड्यात लिंबू आलं. मग हळदकुंकू. मग नारळ. नारळ आम्ही खाल्ला, कारण भानुदासच्या मते तो तिथं उगवलेला नव्हता.

हिवाळ्याच्या शेवटी मात्र तो धावत घरात आला. "दाजी, सगळा माळ करपलाय अन् चौकोनात गवत हिरवं! ह्याचं कारण गावलं तर सर उड्या मारतील." चार दिवस नुसते तर्क. जमिनीखाली झरा असेल. दव असेल. सर सोमवारी चौकोन बघायला यायचे होते. रविवारी उजाडताच आम्ही दोघं बाभळीआड जाऊन बसलो.

कारण तांब्या घेऊन आलं. आळीच्या टोकाला राहणाऱ्या सोजराबाई; त्यांचा मुलगा किसना पलटणीत होता. नळावरून जे काय मिळायचं त्यातलंच पाणी.

"आजी, हे काय करताय?" भानुदास पुढं झाला.

"पानी घालतीया, बाबा. तूच तर ह्यो देव बसवलास. लई कडक हाय म्हनत्यात."

भानुदासनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

"काय मागितलं देवाला?"

"काय मागनार? आमच्या किसनाचं एक कारड येऊ दे, बास. लढाई सरली. पलटनीच्या लायनीतल्या समद्यांची कारडं आली. त्याचंच न्हाई. म्हनलं, हितलं गवत हिरवं हाय तवर त्योबी…" पदरानं तांब्याचा काठ पुसत राहिल्या.

आता हा झरा, दव, सर, परीक्षा सगळं समजावून सांगणार, म्हणून मी मनात त्याच्यासाठी दोन सौम्य वाक्यं जुळवत होतो. भानुदास खाली बसला.

"थांबा आजी. त्या कोपऱ्यात जरा सुकलंय. तिथंबी घाला."

घरी येताना मी म्हटलं, "अरे, सरांना खरं सांग. ते समजून घेतील."

"घेतील की. पर बघाय येतीलच. तिथं उभं राहून इचारतील, ह्याला पाणी कुनी घातलं? आजीच्या कानावर गेलं म्हंजी?"

सोमवारी त्यानं सरांना चौकोन मोडला म्हणून सांगितलं. कुणी मोडला? माझ्याच हातनं, म्हणाला. निम्मे गुण तिथंच गेले. परीक्षेत पास झाला, पण तिसऱ्या वर्गात. पुण्याचं नाव त्यानंतर त्यानं काढलं नाही. वडलांना आनंद झाला. त्यांच्या उसाला आता बी.एस्सी. झालेला माणूस पाणी धरणार होता.

तो जायच्या दिवशी टांगा दारात आला, ट्रंक चढली आणि भानुदास गायब. मी माळावर गेलो, तर तो चौकोनाशी तांब्या घेऊन बसलेला. सोजराबाई आठवडाभर तापानं पडून होत्या. कार्ड अजून आलं नव्हतं.

"अरे, गाडी चुकेल!"

"त्या उठून आल्या अन् त्यास्नी वाळल्यालं दिसलं म्हंजी?"

टांगेवाला हाका मारत होता. भानुदासनं तांब्या माझ्या हातात दिला. मी उरलेलं पाणी मध्यभागी ओतलं. त्यानं वाकून मातीत बोट खुपसलं, ओल कुठवर गेली ते बघितलं आणि मान हलवली.

"एवढ्यानं भागत न्हाई, दाजी. रोज जरा जास्त घालत जा."