पिंपातले पावणे

साल २०१९, कोल्हापूर. पंचगंगा गल्लीच्या तोंडाशी आली, आत डोकावली आणि परत गेली, त्याच्या पुढच्याच महिन्यातली ही गोष्ट. पूर ओसरला तरी नळाला पाणी यायला बरेच दिवस लागले. तोवर सगळी पेठ टँकरमागे कळशी घेऊन पळत होती. त्याचा धसका असा बसला, की नळ सुरू झाल्यावरही लोकांनी बादल्या, पातेली, रुखवतातले हंडेसुद्धा भरून ठेवले. श्यामलाबाईंच्या परसात मोठं निळं पिंप काठोकाठ भरलेलं होतं आणि त्याच्यावर त्यांच्या यजमानांचा, दत्तोपंतांचा, कडक पहारा होता.

अशात पाचगणीहून विहीणबाईंचा फोन आला. श्यामलाबाईंची लेक अस्मिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

"पुरानंतर मलेरिया येतोच हो. पोटुशी बाईला तो फार वाईट. आमच्याकडे थंड हवा, डासाचं नाव नाही. अस्मिताला इकडेच पाठवा."

श्यामलाबाईंनी माळ्यावरचा पाळणा उतरवून, घासून, उन्हात ठेवला होता. अस्मिता स्वतः त्याच पाळण्यात वाढलेली. तो रिकामा परत माळ्यावर चढवायचा?

"विहीणबाई, आमच्या पिंपात एक जरी अळी दिसली, तर मी स्वतः अस्मिताला पाचगणीला आणून सोडते."

"मग ओटीभरणाला येतेच आहे. पिंपही बघेन."

फोन ठेवल्यावर दत्तोपंत म्हणाले, "पैज कशाला मारलीस?"

"मला हिवताप शिकवू नका. मी शाहूवाडीत वाढलेय."

ते खरंच होतं. त्यांचे वडील तिथे मास्तर होते. आषाढात तिथे पाऊस असा कोसळायचा, की डासांच्या अळ्या पाण्याबरोबर वाहून जायच्या आणि गाव धडधाकट असायचं. गणपती उठले, पाऊस उघडला, भाताच्या खाचरातलं पाणी निवळून आरशासारखं झालं, की घराघरांत गोधड्या थरथरायला लागायच्या. आत माणूस असायचा. मग पौषातली थंडी आली की सगळं थांबायचं. लहानपणी श्यामलाबाईंना वाटायचं, डासांना हुडहुडी भरते. वडिलांनी समजावलं होतं, डासाच्या पोटात हिवतापाचं बी पिकायला ऊब लागते. थंडीत ते पिकायच्या आधीच डास म्हातारा होऊन मरतो.

"म्हणजे विहीणबाईंचं बरोबर आहे," दत्तोपंत म्हणाले.

"थंडीचं बरोबर आहे. पण आत्ता ऊब आहे, ऊन आहे आणि हिवतापाच्या डासाला गटार नको, स्वच्छ पाणी लागतं. तुमच्या पिंपातल्यासारखं. ओतून टाका."

"एक थेंब ओतणार नाही. टँकरमागं मी पळालोय."

मग श्यामलाबाईंनी महापालिकेच्या आरोग्य विभागातल्या सयाजीला गाठलं. त्यानं पिशवीतून गप्पी मासे आणून पिंपात सोडले. "काकू, ह्यास्नी अळ्या म्हंजे बासुंदी. पिंपाकडं आता बघायचंबी काम न्हाय."

श्यामलाबाईंनी खरंच बघितलं नाही. त्या ओटीभरणाच्या तयारीला लागल्या.

विहीणबाई आल्या. चहासुद्धा न घेता त्यांना परसात नेऊन श्यामलाबाईंनी थाटात पिंपाचं झाकण उचललं.

पाण्यावर अळ्यांची जत्रा भरली होती. आणि खाली तळाशी मासे पोट सांभाळत पडले होते, लग्नाची पंगत उठल्यावर मांडवात लवंडणाऱ्या वऱ्हाडासारखे.

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "अस्मिता, बॅग भर."

तेवढ्यात शेजारच्या चिमणाबाई भाकरीचा चुरा घेऊन कुंपणाशी आल्या. "व्हा की बाजूला. पावण्यांची जेवायची येळ झाली."

"कोण पावणे?"

"ह्येच की पिंपातलं. आपल्या दारात आलेलं उपाशी ठिवायचं व्हय? मी दोन्ही येळला घालते."

श्यामलाबाईंनी वळून दत्तोपंतांकडे पाहिलं. दत्तोपंतांनी खिशावर हात ठेवला. खिशातून चुरमुरे गळले.

"मला वाटलं, एकटा मीच घालतोय," ते पुटपुटले.

"आई, मी पण थोडी कणीक घालत होते," अस्मिता म्हणाली. "उपाशी वाटायचे."

कोल्हापूरचा पाहुणचार! जावयालाही झेपत नाही, तिथे बोटभर माशांची काय कथा? पोटाला तड लागल्यावर अळीकडे कोण बघणार?

"विहीणबाई," श्यामलाबाई म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत थांबा. आज माशांना कडक एकादशी. सकाळी एक अळी दिसली, तर मी बॅग उचलते."

त्यांनी पिंपाशेजारी खुर्ची टाकली. चिमणाबाई दोनदा आल्या, दोनदा परतल्या. "काळीज हाय का दगड?" असं गल्लीला ऐकू जाईल एवढं बोलून गेल्या. दत्तोपंतांचे खिसे रिकामे करून घेतले गेले. दिवेलागणीला श्यामलाबाई देवापाशी निरांजन लावायला आत गेल्या आणि बाहेर आल्या, तर विहीणबाई पिंपावर वाकलेल्या. मुठीत चिवडा!

"विहीणबाई?"

त्या दचकल्या. "अहो, तोंड वर करून बघतात हो बिचारे."

पैज जिंकायला की दया येऊन, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. श्यामलाबाईंनी चिवडा काढून घेतला, पिंपाला स्वच्छ फडकं बांधलं आणि गाठ स्वतः मारली.

सकाळी पाणी काचेसारखं होतं. विहीणबाईंनी चष्मा पुसून पाहिलं, चिमणाबाईंकडूनही पाहून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या पाचगणीच्या घरी मागे एक हौद आहे. थंडीत काही नसतं, पण उन्हाळ्यात... थोडे मासे द्याल?"

तो क्षण श्यामलाबाईंनी पुढे कितीतरी हळदीकुंकवांना सांगितला.

दिवाळीनंतर अस्मिताला मुलगी झाली. कोल्हापुरात, त्याच पाळण्यात झोपली, आणि हिवतापाची कणकणसुद्धा कुणाला आली नाही. विहीणबाईंच्या हौदात आता माशांचं गोकुळ आहे. त्या आल्यागेल्याला चारायला सक्त मनाई करतात. सयाजी मासे सोडताना आता घरातल्या प्रत्येकाकडून शपथ घेतो. दत्तोपंत दर आठवड्याला बाकीची भांडी ओतून कोरडी करतात, पिंपाला मात्र हात लावू देत नाहीत. चिमणाबाईंनी मांजर पाळलंय. त्याला चालता येत नाही इतकं ते सुखात आहे.

आणि श्यामलाबाई? बारशाच्या दिवशी पंगती उठल्यावर त्या परसात गेल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि पुरणपोळीचा एवढासा तुकडा पिंपात सोडला.

सणाच्या दिवशी पावण्यांना नुसत्या अळ्या कशा वाढायच्या?