उभ्याने खाल्लेलं मोजत नाहीत

माणसाचं वजन खाल्ल्याने वाढत नाही, बसून खाल्ल्याने वाढतं. वैद्यकशास्त्राने हे अजून मान्य केलेलं नाही. पण ते शास्त्र तसं नवीनच आहे.

वजनकाटे तपासणाऱ्या खात्यातल्या निरीक्षकसाहेबांना हे सत्य एका रविवारी स्वतःच्या स्वयंपाकघरात सापडलं. झालं असं, की त्यांच्या रक्ताचा अहवाल वाचून डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला (डॉक्टर चष्मा काढतात तेव्हा पेशंटने खुर्ची घट्ट धरावी). बायकोने त्याच दिवशी डुकराचं मांस घरातून हद्दपार केलं. साहेबांनी तीन दिवस तोंड पाडून अपील केलं, तेव्हा कुठे तडजोड झाली: धागे सुटेपर्यंत शिजवलेलं पुल्ड पोर्क करायचं, पण हलकं. सात वाजता ताटात, माणशी दीडशे ग्रॅम. जमलं तर महिन्यातला एक रविवार कायमचा मंजूर. नाही जमलं तर जन्मभर उकडलेला कोबी. साहेबांना कोबीचा मनापासून तिटकारा होता.

काम शास्त्रशुद्ध झालं. खांद्याचा दोन किलोचा तुकडा आला. त्याची चरबी साहेबांनी जातीने काढली (चारशे दहा ग्रॅम). ती टाकवेना, म्हणून साहेबांच्या आईने तिच्यात बटाटे परतले. बटाटा ही भाजी असल्याने कोणाची हरकत नव्हती. उरलेल्या मांसाला कांदा, मोहरी, व्हिनेगर लावून सकाळी अकराला पातेलं मंद आचेवर चढवलं. आठ तासांनी काटेचमच्याने ओढलं की धागे सुटायला हवेत.

पहिले चार तास वासावर निघाले. पाचव्याला साहेबांनी मीठ पाहिलं. आईने शिजलंय का ते पाहिलं. साहेब जास्त तर पाहत नाहीत ना, हे पाहायला बायको आली आणि तिनेही पाहिलं.

"मीठ कमी वाटतंय का गं?"

"एका घासात कसं कळणार?" बायको म्हणाली.

"मला मेलीला हल्ली आंबट कळत नाही," आई म्हणाली. "परत दे बघू."

सहाव्या तासापासून पाव लागला, कारण नुसती चव फसवी असते. कोणीही खाली बसलं नाही, हे नमूद केलं पाहिजे.

साताच्या ठोक्याला ताटं मांडली. साहेबांनी खात्याचा प्रमाणित काटा काढला आणि पातेलं उघडलं. निव्वळ वजन नव्वद ग्रॅम, म्हणजे माणशी तीस. बाकीचं आटलं, असं आईने सांगितलं.

बायकोने वाकून काट्यावरचा आकडा वाचला. साहेबांना कोबीचा वास येऊ लागला.

"इतकं हलकं होईल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली, आणि ढेकर दाबत तिने रविवार मंजूर केला. साहेबांना इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

"पुढच्या वेळी दहा तास ठेव," आईने सुचवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या काट्यावर साहेब दीड किलोने वाढलेले निघाले. साहेबांनी कर्तव्याला जागून तो काटा सदोष ठरवला आणि जागच्या जागी सील केला.

तुमच्या घरचा काटाही दोन-तीन किलो जास्तच दाखवतो, हे तुम्ही चारचौघांत सांगत असताच. खात्याकडे रीतसर अर्ज करा. आज ओट्यापाशी काय काय तोंडात टाकलंत, त्याची यादी जोडायची गरज नाही.