अनसाबाई घोरपडीने कंपनी सोडली

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. नदी होती, करवंदं होती, वाघ होता. आणि वाघसुद्धा ज्याला बघून गुहेत पळायचा, ते मोबाइलचं बिल होतं.

ह्या जंगलात अनसाबाई नावाची एक घोरपड राहायची. घोरपड ठाऊक आहे ना? मोठ्ठी पाल म्हणा हवं तर, पण तिच्या तोंडावर म्हणू नका. घोरपडीची एक खोड असते. तिने एकदा धरलं की धरलं. सोडणं तिला जमत नाही. अनसाबाईंनी एकोणीस वर्षांपूर्वी 'ऐरावत' कंपनीचा मोबाइल धरला होता. त्याआधी सात वर्षं दत्तोबा नावाचा नवरा धरला होता. दोन्ही अजून धरलेले होते.

ऐरावत ही जंगलातली सगळ्यांत मोठी कंपनी. मालक दंताजीराव हत्ती. टेकडीवर कंपनीचा उंचच उंच टॉवर आणि झाडाझाडावर जाहिरात : 'आम्ही आहोत, म्हणून तुम्ही एकटे नाही.'

अनसाबाईंकडे कंपनीचा 'महाराजा प्लॅन' होता. तो आपण कधी घेतला, हे त्यांना आठवत नव्हतं. प्लॅनमध्ये समुद्रापार बोलायला दरमहा शंभर मिनिटं फुकट होती. अनसाबाईंचं समुद्रापार कोणी नव्हतं. नदीपार एक मुलगी होती. नदीपार बोलायचे वेगळे पैसे पडत. शिवाय रानबदकं ज्या तळ्यावरून परदेशी उडतात, त्या तळ्याकाठी अनसाबाईंसाठी गादीची खुर्ची राखून ठेवलेली होती. घोरपडीला उडता येत नाही, हे कंपनीला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि बिळात रेंज येत नसे. मुलीशी बोलायचं तर बिळाबाहेरच्या मोठ्या खडकावर चढायचं, मान उंच करायची आणि ओरडायचं. त्यामुळे अनसाबाईंच्या जावयाला मूळव्याध आहे, हे अख्ख्या जंगलाला माहीत होतं. हरणं तर रोज चौकशी करायची.

अनसाबाईंनी तीनदा तक्रार केली. तीनही वेळा एक गोड आवाज म्हणाला, "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." तिसऱ्या वेळी प्रतीक्षा करता करता अनसाबाईंनी कात टाकली, तरी कोणी बोललं नाही.

एके सकाळी शेजारची झुंबर खार खडकावर आली. झुंबरचं तोंड आणि शेपटी कधी थांबत नसे.

"अनसाबाई, तुम्ही अजून ऐरावतवरच?"

"मग कुठे जाऊ?"

"टिटवीकडे या! प्रीपेड. आधी पैसे, मग बोलणं. बिलच येत नाही."

"बिल येत नाही?" अनसाबाईंना खडक हलल्यासारखा वाटला.

"आणि पैसे पाचवा हिस्सा. नदीपार बोला, डोंगरापार बोला, काही वेगळं नाही."

"पण टिटवीला झेपेल का? एवढासा जीव."

"अहो, टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ खाली पडू नये म्हणून. जी आभाळ सांभाळते, तिला रेंज सांभाळता येणार नाही?"

अनसाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. ते जागेवर होतं.

"पण माझा नंबर? पोरीला तोच पाठ आहे गं."

"नंबर तोच राहतो. ऐरावतला फक्त एक मेसेज करायचा. 'सोडते'. तीन दिवसांत तुम्ही मोकळ्या."

अनसाबाई नवऱ्याला विचारायला गेल्या. दत्तोबा बिळात पडले होते. दत्तोबा नेहमीच पडलेले असत.

"अहो, सोडू का?"

"हं," दत्तोबा म्हणाले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, दत्तोबा एका 'हं'वर होते. त्यात त्यांचं सगळं भागायचं.

मग अनसाबाईंनी खडकावर चढून एक नख मोबाइलवर टेकवलं. सो. ड. ते. नख तिथेच अडलं. आजवर त्यांच्या घराण्यात कोणी काही सोडलं नव्हतं. त्यांच्या एका आत्याने पावसाळ्यात एक दगड धरला होता. दगड घरंगळत कोकणात गेला. आत्याही गेली.

अनसाबाईंनी डोळे मिटले आणि मेसेज पाठवला.

डोळे उघडायच्या आत फोन वाजला!

"नमस्कार बाई, मी ऐरावतमधून हसमुख तरस बोलतोय. बाई, आमचं काय चुकलं हो? खी खी खी!"

"मग हसताय काय?"

"हसत नाही बाई, रडतोय. आम्हा तरसांना दोन्हीला आवाज एकच. खी खी! बाई, नका ना जाऊ. अर्ध्या पैशात देतो."

"मग एकोणीस वर्षं पूर्ण पैसे का घेतलेत?"

"तुम्ही देत होतात, बाई."

अर्ध्या तासाने त्याचा पुन्हा फोन आला. नदीपार बोलणं फुकट. जेवणाच्या वेळेला आणखी एक. चांदण्यापार बोलणंही फुकट. संध्याकाळी हसमुख स्वतःच दारात हजर. डोक्यावर केक. केकवर लिहिलेलं : 'प्रिय ग्राहक, जाऊ नका.'

अनसाबाईंनी आयुष्यात केक पाहिला नव्हता. त्यांनी तो खाल्ला. दत्तोबांनीही खाल्ला. पण मेसेज काही मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी धरणी हादरली. झाडांवरची पाखरं उडाली. दंताजीराव हत्ती जातीने आले होते! गळ्यात झेंडूचा हार, सोंडेत दुसरा हार, मागे हसमुख तरस. एवढा मोठा हत्ती एवढ्याशा बिळापुढे गुडघे टेकून बसला.

"बाई," दंताजीराव म्हणाले, "आमच्या परिवारातून निघालात?"

"तीनदा तक्रार केली. तेव्हा का नाही आलात?"

"तेव्हा तुम्ही आमच्या होतात ना! आपल्या माणसाला कोणी भेटायला जातं का?"

आणि दंताजीराव रडू लागले. हत्तीचं रडणं ते! दोन धबधबे सुटले. पाणी थेट बिळात शिरलं. आतून दत्तोबा वाहत बाहेर आले आणि हाराला धरून राहिले.

"थांबा बाई!" दंताजीराव हुंदके देत म्हणाले. "तुमच्या बिळात टॉवर बांधतो. पलंगाशेजारी बांधतो. पण तुम्ही आमच्याच राहा!"

अनसाबाई विरघळल्या. खरंच विरघळल्या. एवढं मोठं जनावर आपल्यासाठी रडतंय! मेसेज मागे घ्यायला त्यांनी नख उचललंसुद्धा. झुंबर खार झाडावरून "नको, नको!" करत होती. तेवढ्यात अनसाबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं,

"दंताजीराव, माझं नाव काय?"

हत्तीने तरसाकडे पाहिलं. तरसाने कागदाकडे पाहिलं. कागदावर नुसता आकडा होता. हत्तीने अनसाबाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि मायेने म्हटलं,

"आमच्या लाडक्या मगरबाई!"

बाळांनो, घोरपडीला पाल म्हटलेलं एक वेळ खपतं.

तिसऱ्या दिवशी अनसाबाई टिटवीच्या झाल्या. टिटवीबाईंनी चोचीतून एक चिमुकलं कार्ड दिलं, पैसे घेतले आणि "टिटिव टिव" म्हटलं. झालं. हार नाही, केक नाही.

अनसाबाईंनी धावत जाऊन बिळातून फोन लावला. रेंज नव्हती. मग त्या खडकावर चढल्या. मान उंच केली. पोरीचा आवाज खणखणीत आला.

"टिटवीबाई," त्यांनी मग टिटवीलाच फोन लावून विचारलं, "तुमचा टॉवर कुठेय हो?"

"माझा कुठला टॉवर? टेकडीवरचा ऐरावतचाच. मी भाड्याने घेतलाय."

अनसाबाईंनी क्षणभर विचार केला. तोच टॉवर. तोच खडक. तोच आवाज. आणि पैसे पाचवा हिस्सा! त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या खडकावरून खाली पडल्या. घोरपड खडकावरून पडली! जंगलात असं कधी झालं नव्हतं. पडल्यावर त्या पुढचे दोन पाय वर करून नाचल्या. झुंबर नाचली. कशासाठी ते न विचारता हरणंही नाचली.

आठ दिवस अनसाबाई पोटभर बोलल्या. मुलीशी बोलल्या, जावयाशी बोलल्या, चुकीचे नंबर लागले तर त्यांच्याशीही बोलल्या.

नवव्या दिवशी त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. फोन गप्प होता. "जाऊ नका" म्हणायला कोणी नव्हतं. ते दोन दिवस काय होते, बाळांनो! सगळं जंगल आपल्या दारात रडत होतं. अनसाबाईंनी टिटवीला फोन केला.

"टिटवीबाई, मी सोडून जाऊ का?"

"जा की. पैसे आधीच घेतलेत." टिटवीकडे रडायला माणूस ठेवलेला नव्हता. म्हणून तर स्वस्त होतं.

पण अनसाबाईंना आता सोडण्याची चटक लागली होती. दुसऱ्या दिवशी त्या करकोच्याकडे गेल्या. करकोचा नदीकाठी खेकडे विकायचा आणि अनसाबाईंना नेहमी मेलेले द्यायचा.

"उद्यापासून मी बगळ्याकडून घेणार," अनसाबाई म्हणाल्या.

करकोचा एका पायावर होता, तो दोन पायांवर आला. "ताई! असं काय करता? हा घ्या जिवंत. आणि हा वर एक."

अनसाबाई दोन जिवंत खेकडे घेऊन बिळाकडे निघाल्या. डोकं भराभर चालत होतं. बिळाच्या तोंडाशी त्या थांबल्या. आत दत्तोबा पडले होते.

"अहो, मी सोडते."

"हं."

"मोबाइल नव्हे. तुम्हाला."

दत्तोबांनी एक डोळा उघडला. मग दुसराही. हे डोळे अनसाबाईंनी लग्नात पाहिले होते, त्यानंतर आज.

मग दत्तोबा म्हणाले, "पलीकडे काय ऑफर आहे?"

"जेवलीस का, म्हणून विचारतात."

"कोण विचारतात?"

"ते सांगायचं माझ्यावर बंधन नाही."

दत्तोबांनी शेपटी इकडची तिकडे केली. "तसा प्लॅन आपल्याकडेही आहे," ते म्हणाले.

"सव्वीस वर्षांत सांगितला नाहीत!"

"तू विचारलं नाहीस."

"तीन दिवसांची मुदत आहे," अनसाबाई म्हणाल्या आणि खेकडा फोडायला बसल्या. लक्ष मात्र दत्तोबांकडेच होतं. हत्ती रडला नसता तरी चाललं असतं. पण हा गडी पुन्हा "हं" म्हणाला तर? तर खरंच निघावं लागेल. आणि जायचं कुठे? कोकणात?

पहिल्या दिवशी दत्तोबांनी शेपटीने बीळ झाडलं. अर्धी माती अनसाबाईंच्या डोळ्यांत गेली, पण झाडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खेकडा आणला. वाटेत सवयीने निम्मा खाल्ला होता. उरलेला अनसाबाईंपुढे ठेवला आणि तोंड फिरवून म्हणाले, "अनसूया, जेवलीस का?"

"जेवतेय ना," अनसाबाई म्हणाल्या, पण त्यांनी खेकडा अजून तोंडात घातलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी अनसाबाई पोरीला फोन करायला खडकावर गेल्या, तर दत्तोबा आधीच वर चढून बसलेले! धापा टाकत होते. इतकं चढायची सवय नव्हती.

"आण इकडे," ते म्हणाले. "मी बोलतो."

फोन लागला. दत्तोबांनी घसा खाकरला. खाली हरणं जमली. झुंबरची शेपटी पहिल्यांदाच थांबली.

"पोरी," दत्तोबा ओरडले, "जेवलीस का?"

मग मुलगी म्हणाली, "राँग नंबर." आणि फोन कट.

हरणं हसली. झुंबर फांदीवरून लोंबकळत हसली. अनसाबाई खडकाला चारही पायांनी धरून हसल्या. दत्तोबांनी मोबाइल उलटासुलटा करून पाहिला, मग तो बायकोपुढे धरला.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

तात्पर्य : एकनिष्ठेचं फळ फार गोड असतं. फक्त ते आपण पिशवी भरून दाराबाहेर पाऊल टाकल्यावरच पिकतं. म्हणून शहाण्याने जन्मभर एकनिष्ठ राहावं, आणि पिशवी कायम भरलेली ठेवावी.